डोकं हलकं करायला लॉन्ग ड्राइव्ह: कधी निघायचं, कसं चालवायचं आणि कधी चावीला हातच लावायचा नाही

डोकं भणभणलंय, चावी उचलली आणि निघाले, हे मी बरीच वर्षं केलं. आणि खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्या वेळा परत आले तेव्हा आधीपेक्षा जास्त वैतागलेली होते. कारण काय तर छान जागा शोधायची, तिथे वेळेत पोचायचं, वाटेत ट्रॅफिक, फोन समोर स्टँडवर लावलेला आणि त्यावर ऑफिसचे मेसेज टुणटुण करत येतायत. म्हणजे ताण घरी ठेवून निघायचं सोडून त्याला शेजारच्या सीटवर बसवून बेल्ट लावून फिरवून आणल्यासारखं. मग एकदा काहीच न ठरवता एका सरळसोट, बघण्यासारखं काहीही नसलेल्या रस्त्यावर दोन तास गाडी चालवली आणि घरी आल्यावर लक्षात आलं की खांदे खाली आलेत, जबडा सैल आहे आणि भूक लागलीये. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की ताण घालवायची ड्राइव्ह थोडी कंटाळवाणी असली पाहिजे. सहल वेगळी आणि ही वेगळी. खाली जे काही आहे ते सगळं ती कंटाळवाणी ड्राइव्ह नीट जमवण्याबद्दल आहे.

मुळात बरं का वाटतं

सोप्या रस्त्यावर गाडी चालवताना हातपाय सवयीने काम करतात पण लक्ष पूर्ण मोकळं नसतं, थोडं गुंतलेलं राहतं. घरी सोफ्यावर पडून तोच तो विचार गरागरा फिरतो ना, त्याला इथे पूर्ण जागाच मिळत नाही, कारण दर काही सेकंदांनी आरसा बघायचाय, समोरची गाडी बघायचीय. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने थकलेल्या लक्षाबद्दल एक सिद्धांत मांडला, त्याचं सार असं की जोर लावून एकाग्र व्हायची आपली ताकद संपत जाते आणि ती परत भरून यायला अशा गोष्टी लागतात ज्या लक्ष हळूच धरून ठेवतात पण ओढाताण करत नाहीत, जसं झाडं, ढग, पाणी. ते काही गाडी चालवण्याबद्दल बोलत नव्हते, पण मोकळ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी मागे सरकणारं शेत किंवा माळरान माझ्यासाठी तरी तेच काम करतं. भर गर्दीत मात्र याच्या बरोब्बर उलटं, तिथे प्रत्येक क्षणी जोर लावून लक्ष द्यावं लागतं.

दुसरं कारण साधं आहे. दार लावलं की कोणी काही विचारत नाही. आणि तिसरं म्हणजे स्टिअरिंग वळवलं की गाडी वळते. दिवसभर आपण सांगू ते कोणीच ऐकत नसेल तर एवढंसुद्धा बरं वाटतं, हसू नका.

निघायच्या आधी स्वतःची तपासणी

गाडीच्या आधी चालवणाऱ्याची. तळपायाची आग मस्तकात गेलेली असेल, आत्ताच्या आत्ता भांडण होऊन दार आपटून बाहेर आला असाल, तर निघू नका. रागात माणूस जवळ चिकटवून चालवतो, ओव्हरटेकचा अंदाज चुकवतो आणि प्रत्येक हॉर्न स्वतःवर घेतो. अर्धा तास पायी चाला, पाणी प्या, मग स्वतःला विचारा की काय झालंय ते एका शांत वाक्यात सांगता येतंय का. येत असेल तर चावी घ्या, आणि वाक्य अजून शिव्यांनी सुरू होत असेल तर अजून एक चक्कर पायीच. डोळ्यांत पाणी भरून येत असेल तरी तेच, रडून घ्या आधी, रडत गाडी चालवणं म्हणजे वायपर न लावता पावसात चालवणं.

झोपेचं तर मी फार कडक पाळते. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी दाखवलं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, आणि २४ तास जागरण झालं तर ०.१० टक्क्यांइतकी. म्हणजे सकाळी ६ ला उठलेला माणूस रात्री ११ ला 'जरा मोकळं होऊन येतो' म्हणत निघतो तेव्हा तो एक थेंबही न पिता थोडासा प्यालेला असतो. ताणात झोप आधीच कमी झालेली असते, हे विसरू नका.

गोळ्या पण बघा. सर्दीच्या, अॅलर्जीच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, आणि चिंतेसाठी किंवा झोपेसाठी दिलेल्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी तर हमखास, त्यामुळे नवीन औषध चालू असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा की यावर गाडी चालवू का. दारूबद्दल वेगळं लिहायची गरज नाही, घेतली असेल तर नाही, विषय संपला.

आणि निघताना एका माणसाला सांगून जा की अमुक दिशेला चाललीये, इतक्या वाजेपर्यंत परत येते. फोन बंद ठेवायचा असेल तर हे सांगणं जास्तच गरजेचं, नाहीतर तुमचा ताण घरच्यांच्या डोक्यावर जाऊन बसतो.

वेळ आणि रस्ता

शरीराचं घड्याळ दिवसातून दोनदा मंद होतं, एकदा दुपारी साधारण २ ते ४ आणि दुसऱ्यांदा पहाटे २ ते ६. या दोन वेळा टाळा. सगळ्यात चांगली वेळ म्हणजे रात्री पूर्ण झोपून सकाळी उजाडल्यावर, रस्ते भरायच्या आत. एक छोटी युक्ती, सकाळी निघताना पश्चिमेकडे जाणारा रस्ता निवडा म्हणजे कोवळं ऊन पाठीमागे राहतं, आणि परत फिरेपर्यंत सूर्य वर आलेला असतो. संध्याकाळी उलटं करायचं, पूर्वेकडे जायचं आणि सूर्य मावळल्यावर परतायचं. डोळ्यांवर ऊन घेत तासभर चालवलं तर कपाळ दुखतं आणि सगळा खेळ फुकट.

रस्ता निवडताना माझे निकष असे की सिग्नल कमी, वळणं कमी आणि शक्यतो आधी एकदा तरी गेलेला. लोक मुद्दाम घाटाचे वळणावळणाचे रस्ते धरतात, त्यात मजा असते हे खरंय, पण मन थाऱ्यावर नसताना घाट नको, तिथे एक चूक महागात पडते आणि तितकं लक्ष द्यायला डोकं त्या दिवशी तयारच नसतं. उलट अगदीच रिकामा, एकसारखा, रात्रीचा हायवे पण नको, त्याचं कारण पुढे झोपेच्या भागात येईलच.

ठिकाण ठरवू नका, वेळ ठरवा. मी घड्याळात ५० मिनिटांचा गजर लावते, तो वाजला की पुढे जिथे सुरक्षित वळता येईल तिथून परत. कितीही छान वाटत असलं तरी. कारण परतीचा प्रवास नेहमी जास्त लांब वाटतो, अंग तोपर्यंत दमलेलं असतं आणि 'अजून थोडं, अजून थोडं' करत गेलेल्या माणसाला घरी यायचं ओझं होतं. पहिल्यांदा करत असाल तर एकूण दोन तास खूप झाले. इंधन अर्ध्याच्या वर असू द्या, काटा खाली बघत चालवणं हा एक स्वतंत्र ताण आहे.

गाडी

हे आदल्या दिवशी करा, ऐन वेळी वैतागलेल्या डोक्याने होत नाही. टायरची हवा थंड टायरवर तपासायची, चालवून आल्यावर लगेच नाही, तापल्यावर आकडा वाढलेला दिसतो. किती भरायची तो आकडा बहुतेक गाड्यांमध्ये ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, टायरच्या कडेवर जो छापलेला असतो तो जास्तीत जास्त दाबाचा असतो, तो भरायचा नसतो, ही चूक फार जण करतात. स्टेपनीची हवा पण बघा, नेमकी ती कोणी बघत नाही. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे ३२१९ असेल तर तो टायर २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. खाचांची खोली बऱ्याच देशांत किमान १.६ मिमी लागते, पण पावसात तेवढ्यावर अवलंबून राहू नका. कूलंट, वायपरचं पाणी, सगळे दिवे. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडायचं नाही.

अजून दोन गोष्टी ज्या कोणी सांगत नाही. समोरची काच आतून पुसा. आतल्या बाजूला एक पातळ तेलकट थर साचतो, दिवसा कळत नाही पण समोरून ऊन किंवा दिवे आले की सगळं धुरकट होतं आणि आपण नकळत डोळे बारीक करून तासभर बसतो. आणि लॅपटॉपची बॅग, फायली, न भरलेली बिलं गाडीतून काढून टाका. खरंच. मागच्या सीटवर ऑफिस पडलेलं असताना डोकं सुटत नाही.

सीट नीट लावा. ब्रेक पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आरामात टेकलं पाहिजे, छाती आणि स्टिअरिंगमध्ये कमीत कमी २५ सेंमी अंतर, आणि हेडरेस्ट डोक्याच्या वरच्या टोकाला येईल इतका उंच. खांदे आखडण्याचं अर्धं कारण मनात नसून सीटमध्ये असतं असा माझा अनुभव आहे.

फोन

हे एक जमलं तरी निम्मं काम झालं. हँड्सफ्री आहे म्हणून चालतं असं नाही, डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी २००१ साली प्रयोगांत दाखवलं होतं की हातात फोन धरून बोला किंवा हँड्सफ्री बोला, लक्ष जवळपास सारखंच उडतं, कारण अडचण हाताची नाही, बोलण्याची आहे. तुमच्या बाबतीत तर ज्याच्यापासून पळताय तोच फोनवर असण्याची शक्यता जास्त. नकाशा आधीच उतरवून घ्या, फोन सायलेंट करा आणि डॅशबोर्डच्या खणात टाका. पहिली दहा मिनिटं हात तिकडे वळवळतो, नंतर विसरतो.

पहिली वीस मिनिटं

या वेळात काहीही लावू नका, ना गाणी ना पॉडकास्ट. फक्त टायरचा आवाज. सुरुवातीला विचार जास्तच जोरात येतात, घाबरू नका, ते येऊ द्यायचे. या वेळात शरीराकडे बघायचं, बोटं स्टिअरिंगवर इतकी आवळलीयेत का की पांढरी पडलीत, दात एकमेकांवर दाबलेत का, खांदे कानाला लागलेत का. प्रत्येक वेळी लक्षात आलं की सोडायचं. मी याची खूण म्हणून दर मोठ्या फलकाखालून जाताना जबडा सैल करते.

वेग नेहमीपेक्षा १० किमी कमी ठेवा आणि पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा. अंतर मोजायची पद्धत अशी की पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणायचं, ते संपायच्या आत तुम्ही त्या खांबाला पोचलात तर फार जवळ आहात. दोन सेकंद हे कमीत कमी, मी तीन-चार ठेवते, पावसात त्याहून जास्त. ताशी १०० ला गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते आणि ८० ला २२, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायचं अंतर चौपट होतं, म्हणून हा हिशोब सुरक्षेचा तर आहेच, पण मला त्यातलं दुसरं आवडतं. पुढे मोकळी जागा असली की दर पाच सेकंदाला ब्रेकवर पाय जात नाही आणि शरीराला पहिल्यांदा कळतं की कुठलीही घाई नाही. त्या मोकळ्या जागेत कोणीतरी घुसणार, घुसू द्या, परत थोडं मागे राहा. १०० किमीच्या रस्त्यात ८० ने गेलात तर १०० ने जाणाऱ्यापेक्षा १५ मिनिटं जास्त लागतात. आणि आपल्याला तर पोचायचंच नाहीये कुठे.

श्वास सोडताना जास्त वेळ लावा, चार मोजत घ्या आणि सहा मोजत सोडा, असं दहाएक वेळा. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके थोडे शांत होतात. श्वास रोखून धरायचे किंवा डोळे मिटायचे प्रकार मात्र गाडीत करायचे नाहीत, सांगायला नको पण सांगते.

मधला भाग: मोठ्याने बोला

हे विचित्र वाटेल. वीस-पंचवीस मिनिटं झाली आणि रस्ता मोकळा असला की जे काही टोचतंय ते मोठ्याने बोलायचं. 'मला अमक्याचा राग आलाय.' 'मला भीती वाटतेय की हे काम माझ्याने होणार नाही.' पूर्ण वाक्यात, भावनेचं नाव घेऊन. मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने २००७ साली मेंदूच्या स्कॅनवर बघितलं की भावनेला शब्दात नाव दिलं की अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग, कमी सक्रिय होतो. गाडीत हे सोपं जातं कारण ऐकणारं कोणी नाही आणि नजर समोर रस्त्यावर असते, कोणाच्या तोंडाकडे बघत बोलावं लागत नाही. बोलता बोलता आवाज चढायला लागला, स्पीड वाढला, तर मात्र थांबवा आणि गाणी लावा, तो विषय गाडीत काढायचा नाही असा त्याचा अर्थ.

गाणी ओळखीची, मध्यम लयीची, आणि बरोबर गाता येतील अशी. सूर गेला खड्ड्यात, गाताना श्वास आपोआप लांब सुटतो. प्रेमभंगाची प्लेलिस्ट आजच्या दिवशी नको.

थांबणं

सगळे चालवण्याबद्दल बोलतात, मला विचाराल तर अर्धा फायदा थांबण्यात आहे. परत फिरायच्या आसपास १५ मिनिटांचा थांबा घ्या, हायवेच्या कडेला नाही, नीट पार्किंग असलेल्या, माणसांचा वावर असलेल्या जागी. गाडीतून उतरा, बसून फोन बघू नका. पाच मिनिटं चाला, लांबवर बघा, पाणी प्या. मग कागदावर तीन ओळी लिहा, काय टोचतंय, त्यात माझ्या हातात काय आहे, उद्या सकाळी पहिली गोष्ट काय करणार. यापेक्षा जास्त लिहू नका, राजीनामे आणि लांबलचक मेसेज तर इथून बिलकुल पाठवू नका. मोठी ड्राइव्ह असेल तर दर दोन तासांनी थांबा हवाच, मन कितीही छान लागलेलं असलं तरी.

झोप आणि हरवलेले किलोमीटर

कधी असं होतं की एकदम जाणवतं, अरे, मागचे काही किलोमीटर मला आठवतच नाहीत. याला हायवे हिप्नॉसिस म्हणतात, एकसारखा रस्ता, एकसारखा आवाज, आणि डोकं दुसरीकडे. आपण शोधतोय त्या शांततेच्या हे अगदी शेजारी राहतं, म्हणून जास्त सावध राहायचं. उपाय म्हणजे नजर हलती ठेवणं, आरसा, स्पीडोमीटर, लांबचा रस्ता, परत आरसा, आणि मधूनच रस्ता बदलणं.

आणखी एक, एसी सतत आतली हवा फिरवण्यावर ठेवलात तर बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि जड वाटायला लागतं, अधूनमधून बाहेरची हवा घ्या.

जांभया, डोळे चुरचुरणं, लेन सोडून चाक पट्टीवर जाणं, वळायची जागा चुकणं, यातलं काहीही झालं की थांबा. काच उघडणं, गाणी मोठी करणं, गालावर मारून घेणं याने झोप जात नाही, फक्त आपली समजूत निघते. डुलकी ४ सेकंदांची असली तरी ताशी १०० ला गाडी ११० मीटरच्या वर गेलेली असते, डोळे मिटून. उपाय एकच, सुरक्षित जागी थांबून आधी कॉफी प्या आणि लगेच १५-२० मिनिटांची डुलकी काढा, कॅफिनचा असर व्हायलाही तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे दोन्ही एकत्र कामाला येतात. उठल्यावर पाच मिनिटं चालून मग निघा.

चालवताना छातीत धडधड वाढली तर

काहींना गाडीतच पॅनिक येतो, हात गार पडतात, श्वास पुरत नाही असं वाटतं. इंडिकेटर द्या, हळूहळू कडेला जा, अचानक ब्रेक नाही. धोक्याचे दिवे लावा, इंजिन बंद, श्वास लांब सोडा आणि समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत लाट ओसरते. त्यानंतर परत घरचा रस्ता, आणि जमत नसेल तर कोणालातरी बोलवा, त्यात कसली लाज. छातीत दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, दरदरून घाम येत असेल तर ते पॅनिक समजून बसू नका, तातडीची मदत मागवा.

कोणी बरोबर असेल तर, आणि बाइक असेल तर

सोबत न्यायचं असेल तर असा माणूस ज्याच्याबरोबर गप्प बसता येतं. निघायच्या आधीच सांगा की अर्धा तास बोलणार नाही. नवरा-बायकोने आपसातलं भांडण मिटवायला गाडीत बसू नये असं माझं मत आहे, दार उघडून बाहेर जाता येत नाही आणि एकाच्या हातात स्टिअरिंग असतं.

बाइकवर हे सगळं जास्त छान वाटतं पण दमवतंही जास्त, वारा, ऊन, कंप आणि नकळत कमी होणारं पाणी. तिथे दर तासाला उतरा, आणि हेल्मेट, जॅकेट, हातमोजे असा पूर्ण गिअर अंगावर घातल्याशिवाय मन मोकळं करायला निघू नका.

घरी आल्यावर

गाडी लावली, इंजिन बंद केलं की लगेच फोन काढू नका. पाच मिनिटं तशाच बसा. (बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून कधीच बसायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही.) मग त्या तीन ओळींचा कागद घरात नेऊन डोळ्यांसमोर ठेवा.

आठवड्यातून एकदा, पंधरवड्यातून एकदा हे ठीक आहे. रोज रात्री घरी जायची इच्छा होत नाही म्हणून गाडी फिरवत बसावं लागत असेल तर प्रश्न रस्त्यावर सुटणार नाही, तो घरात किंवा ऑफिसात आहे. दोन आठवडे उलटले तरी मन उतरलेलंच आहे, झोप-भूक बिघडलीये, कशातच रस नाही, तर डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. आणि गाडी वेगात नेऊन सगळं संपवावं असा विचार एकदा जरी मनात चमकून गेला तर चावी घरातल्या कोणाच्या तरी हातात द्या आणि त्याच क्षणी त्यांना ते सांगा.

स्वतःची गाडी नाही किंवा चालवायला आवडत नाही त्यांच्यासाठी, बसमध्ये खिडकीची सीट पकडून शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन त्याच बसने परत या. आरसे बघायचं काम नाही, झोप लागली तरी चालते, आणि परत कधी फिरायचं ते ड्रायव्हर ठरवतो. माझी गाडी मागे एकदा दुरुस्तीला महिनाभर पडून होती तेव्हा मी हेच करायचे, आणि अजूनही कधीकधी गाडी घरी ठेवून मुद्दाम करते.